दहा वाजून बारा मिनिटांचं चित्र

माझ्या चित्राला कुणी छान म्हटलं की मला राग येतो. छान म्हणजे काय? साडी छान असते, हवा छान असते. चित्र एक तर बरोबर असतं, नाहीतर चुकलेलं असतं. जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षं नकाशे काढले. आमच्या नकाशावरून लोखंड कापलं जायचं. रेघ केसभर सरकली तर दुसऱ्या दिवशी फोरमन टेबलापाशी येऊन उभा राहायचा, आणि तो काही छान-बिन बोलायचा नाही. बत्तीस वर्षांत तो माझ्या टेबलापाशी दोनदा आला. दोन्ही वेळा चूक त्याचीच निघाली.

निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका काय करतात मला ठाऊक नाही. मी रोज सकाळी आठच्या ठोक्याला फळी, कागद, तीन पेन्सिली आणि खोडरबर घेऊन जुन्या वखारीच्या गच्चीवर जाऊन बसायचे. तिथून सगळं बंदर दिसतं. धक्क्याला जागा मिळेपर्यंत जहाजं बाहेर नांगर टाकून थांबलेली असतात, कधी चार, कधी दहा. ती मी काढायचे. आधी कडक पेन्सिलीनं बाहेरची रेघ, मग मऊ पेन्सिलीनं काळं. चित्र पुरं झालं की खाली कोपऱ्यात तारीख आणि वेळ, अगदी मिनिटासकट. धक्क्यावरचे लोक म्हणायचे, "बाईंचं चित्र म्हणजे फोटो." मी म्हणायचे, "फोटोत कुणाचं तरी बोट मधे येतं. माझ्यात येत नाही." माझा तोरा सगळ्यांना माहीत होता. बंदर कचेरीनं माझी पाच चित्रं मागून घेतली, फ्रेमा केल्या आणि जिन्यात लावली. मी कधीमधी उगाचच त्या जिन्यानं जाऊन यायचे. खोटं कशाला बोलू?

आता बारक्याबद्दल. बारक्या माझा धाकटा भाऊ, नावाचाच बारका. आमच्या दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मी बावीसची. त्याला मीच वाढवलं, आणि माझ्या पद्धतीनं वाढवलं. रस्त्यानं जाता जाता विचारायचे, "आत्ता गेली त्या गाडीला खिडक्या किती?" चुकला तर मागे पळत जाऊन मोजायला लावायचे. त्यानं पोराची नजर चांगली तयार झाली. पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली ती कायमची: ताईला दिसतं तेच खरं.

मोठा झाल्यावर तो पाण्याच्या बार्जवर लागला आणि पुढे तिचा तांडेल झाला. तांडेल म्हणजे कप्तानच, फक्त टोपी नसलेला. बार्जच्या पोटात गोडं पाणी भरायचं आणि नांगरलेल्या जहाजांना नेऊन द्यायचं, हे त्याचं काम. वीस वर्षांत त्यानं कुठल्या जहाजाला साधा ओरखडाही काढला नव्हता. भावजय थट्टेनं म्हणायची, "घरात कपबश्या फोडतात, पण बार्जवर कसे शहाण्यासारखे वागतात!"

आणि एका मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी त्या बार्जचा पुढचा भाग चेचला गेला.

मी तेव्हा वखारीसमोरच्याच दातांच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस धरून बसले होते. सव्वादहाला चित्र आवरून, फळी काखेत मारून तशीच गेले होते. बातमी तिथंच कळली. चार क्रेन असलेलं एक मोठं मालवाहू जहाज आणि बारक्याची बार्ज एकमेकांवर आदळली, आणि बार्जवरच्या एका खलाशाचा हात मोडला. बारक्या धडधाकट होता. मी कापूस थुंकून टाकला आणि पळत सुटले.

भांडण सरळ होतं. बारक्याचं म्हणणं, मी मोठ्या जहाजाच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला नांगर टाकून, इंजिन बंद करून पाळीची वाट बघत होतो. जहाजाचा नांगर घसरला आणि ते मागे येऊन माझ्यावर आदळलं. जहाजवाल्यांचं म्हणणं, आम्ही जागचे हललोच नाही. पाणी द्यायचा नंबर पटकन लागावा म्हणून हाच नांगर उचलून पुढे घुसला. हल्ली म्हणे जहाजांवर सगळं टिपून ठेवणारी यंत्रं असतात. तेव्हा माणसं होती आणि माणसांची तोंडं होती. बार्जवर तिघं, जहाजावर तीस. बंदर कचेरीनं चौकशी बसवली आणि तोवर बारक्याचा परवाना ठेवून घेतला. निकाल विरुद्ध गेला तर बारक्याचा परवाना जन्माचा जाणार होता. त्याला दुसरं काही येत नाही. पाण्यावरून उतरवलेला बारक्या काय करील, हा विचारच मला करवेना.

दोन महिन्यांनी चौकशीचा पहिला दिवस झाला; मी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी चौकशीला सुट्टी होती, पुढची बैठक त्याच्या पुढच्या दिवशी अकराला. दुपारी भावजय धावत वर आली. ते खाली राहतात, मी वर.

"वन्सं, खाली चला. हे सही करायला बसलेत."

"कसली सही?"

"चूक माझी, म्हणून. जहाजवाल्यांच्या वकिलानं कागद दिलाय. कबूल केलंत तर दोनच वर्षं परवाना बंद, नाहीतर कायमचा. माझं काही ऐकत नाहीत हो!"

खाली गेले तर हा जेवणाच्या टेबलाशी बसलेला. पुढ्यात कागद, हातात पेन, आणि चेहरा असा की बघवेना.

"काय रे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं. "न केलेल्या गोष्टीची कबुली?"

"ताई," तो म्हणाला, "केलेली असेल."

"असेल म्हणजे?"

"काल त्या वकिलानं तुझं चित्र आणलं. जिन्यातलं. त्या मंगळवारचं. खाली तुझ्या हातानं लिहिलंय, दहा वाजून बारा मिनिटं. त्यात ते जहाज सरळ उभंय. बाकीच्यांसारखंच, ओळीत."

हे जरा समजावून सांगते. नांगरावरचं जहाज वाऱ्याकडे तोंड करून उभं राहतं. त्या दिवशी वारा समुद्रावरून होता, म्हणून सगळ्या जहाजांची तोंडं समुद्राकडे होती आणि पाठी आमच्याकडे. अशा ओळीत एखादं आडवं झालेलं दिसलं की समजावं, त्याचा नांगर धरत नाहीये, ते वाहत चाललंय. हे बंदरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"मला ते दहा वाजल्यापासून आडवं होताना दिसत होतं," बारक्या म्हणाला. "मी ओरडलो. भोंगा वाजवला. इंजिन चालू करेपर्यंत ते अंगावर आलं. मी शपथेवर सांगितलं असतं, ताई. पण तू सरळ काढलंयस."

"मग?"

"मग सरळच असणार. तू कधी चुकलीयेस? मलाच काहीतरी भलतं दिसलं असेल. माझाच नांगर सुटला असेल, मला कळलं नसेल. काल रस्ता ओलांडताना मी तीनदा थांबलो. गाडी येतेय की नाही, माझं मलाच सांगता येईना."

आता लाज वाटते, पण सांगते. माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली? मला बरं वाटलं. माझ्या चित्रावर सरकारी चौकशी चालते, वकील त्याला पुरावा म्हणतो, म्हणून क्षणभर छाती फुगली. मग बारक्याच्या हातातल्या पेनाकडे लक्ष गेलं आणि माझी मलाच शिसारी आली.

"सही करायची नाही," मी म्हटलं. "उद्या अकरापर्यंत तरी नाही. माझी शपथ आहे. पेन खाली ठेव." त्यानं ठेवलं. माझं ऐकायची सवय, आणि तीच त्याच्या मुळावर आली होती.

मी तडक बंदर कचेरीत गेले. चित्र चौकशी अधिकाऱ्याच्या खोलीत कपाटाला टेकवून ठेवलं होतं. कारकून ओळखीचा. म्हणाला, "बाई, हात लावू नका, नुसतं बघा." मी चष्मा पुसून बघायला लागले. एकूण आठ जहाजं. रेघा स्वच्छ, अंतरं चोख. मनात म्हटलं, यात चूक काढून दाखवावी कुणी!

आणि डावीकडून पाचव्या जहाजावर माझी नजर अडकली. त्याच्या दोन्ही बाजूंचा कागद किंचित पिसारलेला होता. खोडरबर फिरलं की कागद तसा होतो. तो मंगळवार मला जसाच्या तसा आठवला.

मी ते आडवं काढलं होतं. पुरं आडवं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चारही क्रेन दिसत होत्या तशा. मग कागद लांब धरून बघितलं, तर सात जहाजं ओळीत आणि मधेच हे एक आडवं. डोळ्याला खुपलं. बत्तीस वर्षं आम्ही जहाजांच्या फासळ्या काढल्या, एकीसारखी एक, शंभर-शंभर. तिथं ओळीत नसेल ती चूकच. फोरमन यायच्या आत खोडायची. हात आपसूक रबराकडे गेला. आडवं खोडलं, सरळ काढलं, कागद परत लांब धरला, तेव्हा कुठं जिवाला बरं वाटलं. सगळ्यांना 'नीट बघा' म्हणून शिकवणारी मी, तेवढ्या वेळात एकदासुद्धा मान वर करून समुद्राकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ते जहाज माझ्या भावावर चाललेलं दिसलं असतं.

घरी जाताना मी स्वतःशी इतकी भांडले की रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? माझं नाव शाबूत, जिन्यातली फ्रेम शाबूत. बारक्याची दोन वर्षं गेली असती, ती मी कशीबशी सांभाळली असती. हा विचार मी केला. नाही केला असं सांगून आता मोठेपणा मिरवत नाही. पण तो रस्ता ओलांडताना तीनदा थांबला होता. चाळीशी ओलांडलेला, समुद्रावर वीस वर्षं काढलेला माणूस. त्याचे डोळे मी काढून घेतले होते. ते परत द्यायचे तर ताठ मानेनं द्यायचे, असं मी ठरवलं, आणि ठरवल्यावर मला भीती वाटेनाशी झाली. घरी कुणाला काही बोलले नाही. बारक्याला आधी कळलं असतं तर त्यानं माझी अब्रू वाचवायला तिथल्या तिथे सही ठोकली असती.

दुसऱ्या दिवशी अकराला खोली गच्च भरली होती. लांब टेबल, वर कुरकुरणारा पंखा, टेबलामागे चौकशी अधिकारी. हा माणूस स्वतः तीस वर्षं जहाजांवर काढून आलेला, कमी बोलणारा. एका बाजूला मोठ्या जहाजाचा कप्तान आणि कंपनीचा वकील. दुसऱ्या बाजूला बारक्या, धुतलेल्या शर्टात, पुढ्यात तो कागद घेऊन.

वकील उठला. भाषण चांगलं करायचा, ते मान्य करायला हवं.

"साहेब, हे चित्र तांडेलाच्या सख्ख्या बहिणीनं काढलंय. आमच्या बाजूनं बोलायचं तिला काही कारण नाही. टकरीच्या आधी आठ मिनिटं आमचं जहाज नांगरावर स्थिर उभं आहे, हे यात स्पष्ट दिसतं. घटनेच्या तिसऱ्या दिवशी कचेरीच्या सुतारानं याची फ्रेम केली, मागून खिळे ठोकले, कडेनं पट्टी चिकटवून कचेरीचा शिक्का मारला. शिक्का अजून अभंग आहे. तेव्हापासून आजपर्यंत या कागदाला कुणाचाही हात लागलेला नाही."

"हे लिहून घ्या, साहेब," मी उभी राहिले. "कुणाचाही हात लागलेला नाही, असं वकीलसाहेब म्हणाले. शब्दन् शब्द लिहून घ्या."

सगळ्यांच्या माना वळल्या. अधिकाऱ्यानं विचारलं, "आपण?"

"चित्र माझं आहे. आणि ते चुकलंय."

बारक्या अर्धवट उठला. "ताई, तू खाली बस."

"तू बस," मी म्हटलं. तो बसला. "साहेब, ते पाचवं जहाज मी आडवं काढलं होतं, कारण ते आडवं होतं. मग मी ते खोडून सरळ केलं."

वकील हसला. "आज बरं आठवलं! भावाचा परवाना जायची वेळ आली तेव्हा?"

"वकीलसाहेब, मला खोटंच बोलायचं असतं तर इतकं लाजिरवाणं खोटं निवडलं नसतं. या बंदरात माझी फजिती बघायला टपलेली माणसं काही कमी नाहीत. त्यातली चार मागे बसलीत." मागे कुणीतरी खोकलं. "मी बोलते त्यावर विश्वास ठेवू नका. फ्रेम उघडा."

सुताराला बोलावलं. त्यानं शिक्का आपलाच असल्याचं सांगितलं, पट्टी कापली, खिळे उपटले. मी हात मागे बांधून लांब उभी राहिले.

"मी शिवणार नाही, साहेब. तुम्हीच घ्या. खिडकीपाशी चला. कागद डोळ्यांच्या रेषेत धरा, उजेड बाजूनं येऊ द्या. माझा हात जड आहे. कडक पेन्सिलीनं मी कागदावर खाच पाडते. कारखान्यात यावरून बोलणी खाल्लीत. शिसं खोडता येतं, खाच खोडता येत नाही."

अधिकारी खिडकीपाशी गेला. कागद वर धरला, जरा कलवला, अजून कलवला. दोन महिने काचेखाली दाबलेला कागद. खाच बुजली असली तर?

"इथं काहीतरी आहे," तो हळूच म्हणाला. त्यानं चष्मा कपाळावर ढकलला आणि कागद नाकापाशी नेला. "लांबलचक आहे. या दोन जहाजांच्या मधली सगळी जागा व्यापतंय. आणि यावर उभ्या रेघा. एक, दोन, तीन." तो थांबला. "चार."

"क्रेन," मी म्हटलं. "पाठीमागून बघितलं तर एकामागे एक लपतात, एकच दिसते. चारही दिसायला जहाज आडवंच लागतं. आणि चार क्रेनचं जहाज त्या दिवशी बंदरात एकच होतं."

वकील पुढे धावला. त्यानंही कागद कलवून बघितला. बराच वेळ बघितला. मग जागेवर जाऊन बसला, कारण कागदाला कुणाचा हात लागलेला नाही हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं.

अधिकारी कप्तानाकडे वळला. "दहा वाजून बारा मिनिटांनी तुम्ही कुठे होता?"

कप्तान म्हणाला, "खाली. केबिनमध्ये होतो."

"मग जहाज हललं नाही, हे तुम्ही कशावरून सांगितलंत?"

"वर पहाऱ्यावर जो होता त्यानं सांगितलं."

"आणि त्यानं नांगर कितीदा तपासला?"

"ते त्यालाच विचारा," कप्तान म्हणाला. पहाऱ्यावरच्या माणसाला बाहेरून आत बोलावलं. त्याला कागद दाखवायची गरजसुद्धा पडली नाही. खिडकीपाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला बघूनच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, भोंगा ऐकू आला तेव्हा मी डोळे उघडले, साहेब.

अधिकाऱ्यानं चित्र टेबलावर ठेवलं आणि मला विचारलं, "का खोडलंत?"

"ओळीत दिसेना म्हणून."

"वर बघितलं नाहीत?"

"नाही बघितलं." "माझी चूक आहे. सगळ्यांसमोर सांगते, आणि कुणी परत विचारलं तर परत सांगेन."

त्यानं मान हलवली आणि लिहायला घेतलं. सावकाश लिहिलं, मग मोठ्यानं वाचलं. बार्जचा दोष नाही. नांगर घसरला तो मोठ्या जहाजाचा. तांडेलाचा परवाना आज, आत्ता परत द्यावा. भावजयीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. बारक्यापुढचा तो कबुलीचा कागद अधिकाऱ्यानं स्वतः उचलून फाडला.

आम्ही बाहेर जिन्यात आलो. लोक बारक्याची पाठ थोपटत होते. मला कुणी काही बोललं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. भावजय परवाना उलटसुलट करून बघत होती. बारक्यानं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आता हा मला बोलणार, असं मला वाटलं. बोलायला हवंच होतं. मी तयार होते.

"ताई," तो म्हणाला, "म्हणजे ते आडवंच होतं."

"आडवंच होतं."

"तुलाही दिसलं होतं."

"दिसलं होतं रे. आधी दिसलं होतं."

"म्हणजे मला बरोबर दिसलं होतं."

"तुला बरोबर दिसलं होतं, बारक्या."

तो पायरीवर बसला आणि दोन्ही तळव्यांत तोंड घालून रडायला लागला, आई गेली तेव्हा रडला नव्हता इतका. लोक बाजूनं वाट काढून उतरत होते. मी त्याच्या शेजारी बसले. तो परत परत तेच विचारत होता, आणि त्यानं विचारलं तितक्या वेळा मी सांगितलं, हो, तुला बरोबर दिसलं होतं.